तयार संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर अडचण आली तर बिघाड कसा शोधावा

कंपनीने जोडून दिलेल्या तयार संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, बटण दाबले आणि पडदा काळाच राहिला, की पहिला संशय कार्डावर जातो आणि तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. अशा संगणकातला पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, कॅबिनेट आणि बायोस (संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) हे सारे त्यात मुळात जे भाग होते त्यांच्या गरजेपुरते मापून निवडलेले असते. स्वतः सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकात थोडी शिल्लक क्षमता बहुधा ठेवलेली असते. तयार संगणकात, विशेषतः ऑफिसच्या वापरासाठी बनवलेल्या छोट्या मॉडेलांत, ती जवळजवळ नसतेच. म्हणून ‘कार्ड खराब आहे का’ यापेक्षा ‘काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडते’ हा प्रश्न आधी विचारावा.

हे टप्पे मुख्यतः चार आहेत. संगणक सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतो. पंखे फिरतात पण चित्र येत नाही. चित्र येते पण विंडोज कार्डाला नीट ओळखत नाही. आणि सारे ठीक दिसत असूनही गेम किंवा व्हिडिओचे जड काम सुरू करताच संगणक कोलमडतो किंवा अपेक्षित वेग मिळत नाही. प्रत्येकाची कारणे बरीच वेगळी असतात. आपली अडचण यांपैकी कोणती हे आधी कागदावर लिहून घ्यावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक चालू लागला, तरी दोष कशात होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवला की शोध पहिल्यापासून करावा लागतो.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

संगणकाचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि कार्डाचे नेमके नाव लिहून ठेवावे. मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या संगणकाची सर्व्हिस मॅन्युअल मिळते आणि पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिच्यातच असतात.

आणखी एक काम नवशिक्यांना कोणी फारसे सांगत नाही, म्हणून ते इथे आवर्जून सांगतो. विंडोज १० किंवा ११ घेऊन आलेल्या अनेक तयार संगणकांत डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय, आधीपासूनच चालू असते. बायोसमधील काही सेटिंग बदलल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावर विंडोज अचानक बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि ती हाताशी नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडता येत नाही. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच पाहून दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी आणि बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे.

त्यानंतर संगणक पूर्ण बंद करावा. तो नुसता स्लीपमध्ये असता कामा नये. भिंतीवरचे बटण बंद करून वीजेची केबल काढावी आणि संगणकाचे पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करून मगच आतल्या भागांना हात लावावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटर केबल काढल्यावरही धोकादायक भार धरून राहू शकतात.

कार्ड नीट बसले आहे का

कार्ड मदरबोर्डवरच्या लांब, पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसते. लांब स्लॉट दोन असतील तर प्रोसेसरच्या जवळचा निवडावा, कारण दुसरा दिसायला तेवढाच लांब असला तरी आतून पुष्कळदा त्याच्या चारच लेन (डेटा वाहून नेणारे मार्ग) जोडलेल्या असतात. कार्ड सरळ खाली दाबल्यावर स्लॉटच्या टोकाची कडी ‘टक्’ आवाज करून बंद व्हायला हवी. तयार संगणकांत कार्डाची पट्टी अनेकदा स्क्रूऐवजी एका झाकणाखाली अडकवलेली असते. ते झाकण लावताना कार्ड मागच्या बाजूने किंचित उचलले जाते आणि सोनेरी पट्ट्यांचा संपर्क अर्धवट राहतो. पंखे फिरूनही कार्ड ओळखले जात नसेल, तर ते पूर्ण काढून पुन्हा बसवणे हा पहिला उपाय आहे. काढताना कडी आधी मोकळी करावी, नाहीतर स्लॉट तुटतो.

कार्डाची लांबी हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला टेकते का, त्याची जाडी दोन स्लॉटची की तीन स्लॉटची, आणि कॅबिनेट अरुंद असल्यास कार्ड लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे, आहे का, हे खरे तर खरेदीपूर्वीच मोजायला हवे. कार्ड कशाला तरी टेकून तिरके बसले असेल, तर पुढच्या कोणत्याही तपासणीला अर्थ राहत नाही.

वीज पुरते का

तयार संगणकात या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राफिक्स कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. स्लॉटमधून प्रमाणानुसार जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. काही छोट्या ऑफिस मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये याहूनही कमी मर्यादा दिलेली असते, म्हणून ती वाचावी. उरलेली वीज पॉवर सप्लायच्या वेगळ्या केबलमधून येते. ६ पिनांच्या जोडणीचे प्रमाण ७५ वॉट, ८ पिनांच्या जोडणीचे १५० वॉट आणि नव्या १६ पिनांच्या जोडणीचे कमाल ६०० वॉट आहे. कार्डावर अशी जोडणी असेल आणि ती रिकामी राहिली, तर संगणक एकतर सुरूच होत नाही, किंवा वीजजोडणी करण्याची सूचना पडद्यावर दाखवतो, किंवा पंखे पूर्ण वेगाने फिरवून काळा पडदा दाखवतो.

आता पॉवर सप्लायवरचे लेबल पाहावे. त्यावरच्या एकूण वॉटच्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टच्या रांगेतील अँपिअर महत्त्वाचे असतात, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः त्याच रांगेतून वीज घेतात. समजा, तिथे २० अँपिअर लिहिले आहेत. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॉट झाले. ‘६५ वॉटचा’ म्हणून विकला जाणारा प्रोसेसर वेग वाढवताना काही काळ १०० वॉटच्या पुढे जाऊ शकतो, आणि मदरबोर्ड, डिस्क व पंखे यांनाही आपला वाटा लागतो. हे वजा केले की कार्डासाठी सुमारे १०० वॉट उरतात. अशा संगणकात ७५ वॉटचे जीटीएक्स १६५० किंवा ७० वॉटचे ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० चालेल, पण १७० वॉटचे आरटीएक्स ३०६० चालणार नाही. शिवाय कार्ड क्षणभरासाठी आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेच्या बरेच वर वीज ओढते. असे झटके मिलिसेकंदांत संपतात. पण तेवढ्या वेळातही अपुऱ्या पॉवर सप्लायची संरक्षक यंत्रणा जागी होऊन तो सगळा संगणक बंद करू शकते. कार्डाचे उत्पादक प्रत्यक्ष वापरापेक्षा बराच मोठा पॉवर सप्लाय सुचवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. उदाहरणार्थ, ११५ वॉटच्या आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते.

पॉवर सप्लायमधून कार्डाची केबलच निघत नसेल, तर बाजारात मिळणारे साटा-ते-८-पिन अडॅप्टर वापरण्याचा मोह होतो. कृपया तो टाळावा. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर असते, म्हणजे एकूण ५४ वॉट. त्यातून १५० वॉट ओढू दिले तर जोडणी तापते, वितळते आणि आगही लागू शकते. ज्या पॉवर सप्लायला कार्डासाठी स्वतःची केबल नाही, तो अशा कार्डाचा भार घेण्यासाठी बनवलेलाच नाही, असे समजावे.

आणखी एका साम्यापासून सावध राहावे. प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची जोडणी आणि कार्डाची ८ पिनांची जोडणी सारखीच दिसते, पण दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात. प्रोसेसरची केबल बहुधा ४ आणि ४ अशी विभागते, तर कार्डाची ६ आणि २ अशी. पिनांच्या आकारामुळे चुकीची केबल सहज बसत नाही; ती जोर लावून बसवली तर मात्र शॉर्ट सर्किट होते. त्याचप्रमाणे सुट्या केबली लागणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये दुसऱ्या पॉवर सप्लायच्या केबली लावू नयेत, कारण डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी सर्व उत्पादकांची सारखी नसते.

१६ पिनांची जोडणी शेवटपर्यंत आत गेली आहे याची नजरेने खात्री करावी आणि तिच्या अगदी तोंडाशी केबल वाकवू नये. २०२२ साली आरटीएक्स ४०९० कार्डांच्या काही जोडण्या वितळल्या, तेव्हा प्लग अर्धवट बसवणे हे एक प्रमुख कारण पुढे आले होते.

पॉवर सप्लाय बदलायचा ठरल्यास घाई करू नये. डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक मॉडेलांत मदरबोर्डची वीजजोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसते आणि डब्याचा आकारही वेगळा असतो, त्यामुळे बाजारातला चांगला पॉवर सप्लाय आणूनही तो बसत नाही. ही माहिती खोक्यावरच ठळक छापलेली असायला हवी, असे मला मनापासून वाटते. ती तशी नसते, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल उघडून जोडणीचे चित्र पाहावे. काही मॉडेलांसाठी रूपांतर करणाऱ्या केबली मिळतात, काहींसाठी त्याच कंपनीचा मोठा पॉवर सप्लाय घ्यावा लागतो, आणि काही ठिकाणी सरळ कमी वॉटचे कार्ड निवडणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

पंखे फिरतात, पण चित्र येत नाही

मॉनिटरची केबल कुठे जोडली आहे ते पाहावे. ती मदरबोर्डच्या उभ्या रांगेतील पोर्टात राहिली असेल, तर काढून नव्या कार्डाच्या पोर्टात लावावी. नवे कार्ड आढळताच अनेक तयार संगणक मदरबोर्डवरचे चित्र आपोआप बंद करतात, त्यामुळे जुन्या जागी लावलेल्या केबलवर काहीच दिसत नाही. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे का तेही तपासावे. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे नेणारी साधी केबल उलट दिशेने चालत नाही, म्हणून शक्यतो दोन्ही टोके सारखी असलेली केबल वापरून चाचणी घ्यावी. भाग बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना संगणक काही वेळ गप्प राहू शकतो किंवा स्वतःच एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. तेव्हा दोन-तीन मिनिटे थांबावे.

तरीही चित्र नसेल तर बीपचे आवाज आणि पॉवर बटणाच्या दिव्याचे लुकलुकणे मोजावे. या खुणांचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो, म्हणून इंटरनेटवरच्या सरसकट यादीपेक्षा आपल्या मॉडेलची मॅन्युअल पाहावी. मेमरीचा दोष की ग्राफिक्सचा, हे त्या खुणांवरून अनेकदा लगेच कळते. कार्ड बसवताना हाताचा धक्का लागून मेमरीची पट्टी सैल होण्याची शक्यताही असते.

यानंतर वीज तोडून कार्ड काढावे आणि मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टाला लावून पाहावा. चित्र आले, तर बाकीचा संगणक शाबूत आहे. इथे एक अट आहे: नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरांत आणि रायझन ५००० मालिकेतील ‘जी’ नसलेल्या बहुतेक प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून अशा संगणकात चाचणीसाठी जुने कार्डच परत लावावे लागते. जुने कार्ड लगेच विकून टाकू नये, असे मी सर्वांना सांगतो ते याचसाठी.

जुन्या मांडणीत चित्र येते आणि नव्या कार्डाने येत नाही, वीजही पुरेशी आहे, अशा वेळी बायोसकडे वळावे. कार्ड बाजारात येण्याच्या बऱ्याच आधीचा बायोस असेल, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नेमक्या आपल्याच मॉडेलचा नवा बायोस घ्यावा आणि अपडेट चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी. बायोसमध्ये प्राथमिक डिस्प्लेचे सेटिंग असेल तर ते ‘ऑटो’ किंवा पीसीआय एक्स्प्रेसवर ठेवावे. फार जुने कार्ड नव्या संगणकात लावले असेल, तर ते यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीने चित्र देऊ शकत नाही आणि जुन्या पद्धतीला आधार देणारे सीएसएम हे सेटिंग बंद असल्यास पडदा काळा राहतो. सेटिंग बदलून गोंधळ वाढलाच, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल वीज तोडून काही मिनिटे काढून ठेवल्यास अनेक मदरबोर्डांचे बायोस मूळ स्थितीत येते. त्यासाठी जम्पर किंवा बटण वापरायचे असेल तर त्याची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

चित्र येते, पण विंडोज कार्ड ओळखत नाही

अक्षरे मोठी आणि धूसर दिसत असतील आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव असेल, तर ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लावणारे सॉफ्टवेअर) बसलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. तो एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांच्या संकेतस्थळावरून घ्यावा. विंडोज अपडेट त्याच वेळी पार्श्वभूमीत आपला ड्रायव्हर बसवत असेल तर दोन्ही अडकतात, म्हणून आधी अपडेट पूर्ण होऊ द्यावे.

जुने कार्ड एका कंपनीचे आणि नवे दुसरीचे असेल, तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष त्रास देऊ शकतात. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन यासाठी उपयोगी आहे. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा, इंटरनेट तोडावे, सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अत्यावश्यक भागांसह सुरू करण्याची पद्धत) हे साधन चालवून जुने सारे पुसावे आणि पुन्हा सुरू केल्यावर नवा ड्रायव्हर बसवावा. सेफ मोडमध्ये जातानाही बिटलॉकरची की विचारली जाऊ शकते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ दिसला, तर कार्डाला मेमरीच्या पत्त्यांची पुरेशी जागा मिळालेली नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ हे सेटिंग असल्यास ते चालू करून पाहावे. कोड ४३ चा अर्थ कार्डानेच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. ड्रायव्हर स्वच्छ बसवूनही तो राहिला, तर दोष कार्डातच असण्याची शक्यता वाढते. जुने वापरलेले कार्ड घेतले असल्यास त्याच्या अंतर्गत बायोसमध्ये कोणी फेरफार केला असण्याचाही विचार करावा.

जड काम सुरू होताच कोलमडतो

इथे लक्षणांतला फरक बारकाईने पाहावा. गेम सुरू असताना सारा संगणक एका क्षणात बंद पडला किंवा पुन्हा सुरू झाला, तर पहिला संशय वीजेवर घ्यावा. पडदा काळा झाला पण आवाज चालू राहिला, किंवा काही क्षणांनी डेस्कटॉप परत आला, तर ड्रायव्हर, कार्ड किंवा मॉनिटरची केबल तपासावी. कार्डाने साधारण २ सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते आणि विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडू शकते. तिथेच दिसणारी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहून पुष्कळजण पॉवर सप्लाय बदलायला निघतात. पण संगणक नीट बंद झाला नव्हता एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही.

वीजेचा संशय पडताळण्यासाठी खर्च लागत नाही. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट ७० ते ८० टक्क्यांवर आणावी आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवावा. कोलमडणे थांबले, तर वीज अपुरी असल्याची शक्यता बळावते. दोन जोडण्या असलेल्या कार्डाला एकाच केबलची दोन टोके लावण्याऐवजी दोन स्वतंत्र केबली लावाव्यात.

उष्णतेची तपासणी अशीच सोपी आहे. तापमान पाहत गेम चालवावा, मग कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान लक्षणीय उतरले, तर दोष कार्डात नसून कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही हा आहे. तयार कॅबिनेटात अनेकदा मागे एकच पंखा असतो आणि पुढची बाजू जवळजवळ बंद असते. संगणक रिकामा असताना कार्डाचे पंखे थांबलेले दिसले, तर घाबरू नये. अनेक कार्डे कमी तापमानात पंखे मुद्दाम बंद ठेवतात.

चालते, पण वेग मिळत नाही

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) ६० हर्ट्झवरच राहिला आहे का ते आधी पाहावे. तयार संगणकांत मेमरीची एकच पट्टी असणे फार नेहमीचे आहे. तशीच दुसरी लावली की मेमरी दोन मार्गांनी काम करते आणि पुष्कळ गेममध्ये फरक जाणवतो. काही कार्डे स्लॉटच्या सर्व १६ लेन वापरत नाहीत. २०२२ साली आलेले आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरते, म्हणून पीसीआय एक्स्प्रेस ३.० असलेल्या जुन्या संगणकात त्याचा वेग घटतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रीसाइझेबल बार हे, प्रोसेसरला कार्डाची सारी मेमरी एकदम वापरू देणारे सेटिंग लागते. ते बायोसमध्ये नसेल, तर ही कार्डे त्या संगणकासाठी घेऊ नयेत. जीपीयू-झेड या साधनात लेनची संख्या दिसते, पण कार्ड रिकामे असताना जोडणीची पिढी (पीसीआय एक्स्प्रेसची आवृत्ती) कमी दाखवली जाते, म्हणून त्यातील रेंडर चाचणी चालू करूनच तो आकडा वाचावा.

कार्ड परत करण्यापूर्वी

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर कार्ड पुरेशी वीज असलेल्या दुसऱ्या संगणकात लावून पाहावे. ही एकच चाचणी बाकी सर्वांपेक्षा निर्णायक आहे. तिथेही ते चालले नाही तर परत करण्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याकडे जावे आणि कोणत्या चाचण्या केल्या, प्रत्येकीत काय दिसले, कोणता कोड आला, याची लेखी टिपणे सोबत द्यावीत. कार्ड मूळच्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालावे, पोर्टांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या परत लावाव्यात आणि सोबत आलेल्या अडॅप्टर केबली खोक्यात ठेवल्या आहेत का ते पाहावे, कारण सुटे भाग कमी आढळले तर विक्रेता कार्ड परत घ्यायला नकार देऊ शकतो.